सगळे गाणे घरी असताना मैफलीला का जायचे?

आपण विचारले आहे की, ज्या गायकाचे बहुतेक गाणे घरबसल्या ऐकायला मिळते त्याच्या मैफलींना पुन्हापुन्हा का जावे, आणि जायचेच झाले तर सभागृहात कोठे बसावे. यातला पहिला प्रश्न माझ्या थोरल्या भावाने मला तरुणपणापासून इतक्या वेळा विचारला आहे की, उत्तर लिहिल्यावाचून मला राहवत नाही. मी ज्यांच्या मैफलींमागे वर्षानुवर्षे हिंडले त्या शास्त्रीय गायिका किशोरी आमोणकर. ३ एप्रिल २०१७ रोजी त्या गेल्या, त्यामुळे मलाही आता त्यांचे गाणे घरीच ऐकावे लागते. म्हणूनच त्यात काय सापडत नाही हे मी खात्रीने सांगू शकते.

ध्वनिमुद्रिका जेथून सुरू होते त्याच्या बऱ्याच आधी मैफल सुरू झालेली असते, आणि तो आधीचा भाग सहसा कोणी मुद्रित करून विकत नाही. एका हिवाळ्यात मी दादाला आग्रहाने किशोरीताईंच्या मैफलीला नेले. त्यांच्या भूप रागाची ध्वनिमुद्रिका त्याच्याकडे होती, त्यातली ‘सहेला रे’ ही बंदिश त्याला तानांसकट पाठ होती, आणि तेच ऐकायला थंडीत बाहेर कशाला पडायचे, हे त्याचे म्हणणे वाटेतही चालूच होते. पडदा वर गेला तेव्हा ताई मांडीवर स्वरमंडल घेऊन बसल्या होत्या आणि मागे दोन तानपुरे वाजत होते. उजवीकडच्या तानपुऱ्याचा पंचम, म्हणजे ‘प’ स्वर, त्यांना पसंत नव्हता. त्यांनी मान न वळवता बोटाने खूण केली, मागे बसलेल्या शिष्येने तारेतला जुळवणीचा मणी केसभर सरकवला, चारही तारा पुन्हा छेडल्या, आणि पुन्हा तीच खूण झाली. मग घोडीवरचा जवारीचा, म्हणजे तारेचा झंकार खुलवणारा, दोरा जरासा हलवून झाला. लोक चुळबुळ करू लागले. दादाने घड्याळ पाहिले आणि शेजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारले, “गाणे कधी सुरू होणार आहे?”

तानपुऱ्याची एक तार पंचमाची, दोन जोडीच्या षड्जाच्या, म्हणजे ‘सा’च्या, आणि एक खर्जाची, म्हणजे खालच्या ‘सा’ची, अशी जुळवणी असते. गंधारात, म्हणजे ‘ग’ स्वरात, लावलेली तार त्यात नसतेच. तरीही तारा अचूक लागल्या आणि जवारी खुलली की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येऊ लागतो, कारण त्या तारेच्या नादात मूळ कंपनसंख्येच्या पाचपट कंपनांचा उपस्वरही मिसळलेला असतो. गाणारे त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. भूपाचा वादी, म्हणजे सर्वांत महत्त्वाचा, स्वर गंधारच आहे. त्या संध्याकाळी दोन्ही तानपुऱ्यांतून तो गंधार निघू लागला तेव्हा माझ्या रांगेतली कुजबुज कोणी न सांगता थांबली. नंतर ताईंनी षड्ज लावला, सावकाश वर सरकत त्या गंधारावर आल्या, आणि सभागृहात आधीपासून घुमणाऱ्या स्वरात त्यांचा आवाज असा मिसळला की कंठ कोणता आणि तार कोणती हे क्षणभर कळेना. दादाच्या ध्वनिमुद्रिकेत भूप आहे आणि तो अप्रतिमच आहे; परंतु हा गंधार तयार होताना ऐकण्याची सोय तिच्यात नाही.

मध्यंतरात दादा म्हणाला की, वाद्ये आतल्या खोलीत जुळवून आणावीत, श्रोत्यांनी तिकिटाचे पैसे मोजलेले असतात. मला हा युक्तिवाद तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. वाद्ये आत जुळवलेली असतातच. रंगमंचावरच्या दिव्यांची उष्णता आणि भरलेल्या सभागृहाची हवा लागली की तारा उतरतात किंवा चढतात, आणि जुळवणी पुन्हा करावी लागते. ताईंना शांतता लागे आणि ती मिळाली नाही तर त्या श्रोत्यांना सुनावत, म्हणून अनेकांनी त्यांना तऱ्हेवाईक ठरवले. माझ्या मते तो त्यांचा हक्क होता. ज्याला स्वर बेसूर लागलेला सहन होत नाही, त्याने लोकांच्या सोयीसाठी तो सहन करावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

राहिला पुन्हापुन्हा जाण्याचा मुद्दा. एलपी ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटांचे गाणे मावते; मैफलीत तोच राग तासभर चाले. आई आणि गुरू मोगूबाई कुर्डीकरांकडून मिळालेल्या जयपूर-अत्रौली गायकीला ताईंनी संथ, भावपूर्ण आलापीची जोड दिली आणि घराण्याच्या कर्मठ अभिमान्यांचा रोष पत्करला. त्या आलापीला ऐसपैस वेळ लागतो. एका रात्री ज्या स्वरावर त्या रेंगाळल्या, त्याला पुढच्या वेळी नुसता स्पर्श करून पुढे गेल्या, हे कळायला तोच राग अनेकदा समोर बसून ऐकावा लागतो. एकदा जाऊन “पाहून आलो” म्हणणाऱ्यांशी मी या विषयावर बोलत नाही.

हेही सांगितले पाहिजे की सगळ्याच मैफली अशा रंगत नाहीत. कित्येक ठिकाणी ध्वनिव्यवस्थेने तबला इतका चढवलेला असतो की तानपुरा ऐकूच येत नाही, आणि अशा वेळी घरचे ध्वनिमुद्रण खरोखरच बरे. शिवाय भीमसेन जोशी यांनी १९५३ साली पुण्यात सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात पूर्वी गाणे रात्रभर चाले, ते दिवस आता राहिले नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकांना बंदी केली. सवलत मिळते ती मोजक्या दिवसांची आणि तीही मध्यरात्रीपर्यंतच. त्यामुळे उत्तररात्रीचे राग उघड्या मांडवात त्यांच्या वेळेला ऐकायचे राहून जातात, आणि त्यासाठी जुन्या ध्वनिमुद्रणांचाच आधार घ्यावा लागतो. दादाचे एवढे म्हणणे मी मान्य करते.

जागेविषयी सांगायचे तर ध्वनिक्षेपकांच्या थेट समोर बसू नये, आणि अगदी पुढची रांग मिळाली तरी ती एका टोकाची असेल तर सोडावी. मध्यभागी, रंगमंचापासून थोड्या अंतरावर आवाज समतोल येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेळेआधी पोहोचावे, तानपुरे जुळत असताना गप्प बसावे, आणि ज्याला तेवढा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो त्याला, तो सख्खा भाऊ असला तरी, बरोबर नेऊ नये.