फिजीच्या युद्धगदा नेमक्या कशा असत? सगळ्या एकाच प्रकारच्या होत्या का?

नाही, प्रकार बरेच होते आणि प्रत्येकाचं काम वेगळं. मेलानेशियात, म्हणजे फिजी ज्यात येतं त्या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या पट्ट्यात, गदा बऱ्याच ठिकाणी बनत, पण फिजीइतकी विविधता क्वचितच दिसते.

सगळ्यात छोटी 'इउला', म्हणजे फेकायची गदा. ती कमरेला खोचून ठेवत, कधीकधी दोन-दोन. गोल, जड डोकं आणि हातभर दांडा. शत्रूला आधी ही फेकून मारून गारद करायचं, मग मोठी गदा हाती घ्यायची. मला सगळ्यात भेदक वाटते ती 'तोतोकिया'. तिचं डोकं केवड्याच्या फळासारखं खवलेदार असतं आणि पुढे एक अणकुचीदार चोच. सारा भार त्या चोचीमागे एकवटतो, त्यामुळे छोट्याशा झटक्यातही कवटीला भोक पडे.

लाकूड बहुधा सुरूचं, तेच जे आपल्या कोकणातल्या किनाऱ्यांवर लावलेलं दिसतं. अतिशय कठीण आणि वजनदार. काही गदांसाठी तर कोवळं झाड वाढतानाच वाकवून बांधून ठेवत, म्हणजे बाक लाकडाच्या रेषेतच तयार होई आणि घाव घालताना मोडत नसे. म्हणजे शस्त्राची तयारी काही वर्षं आधीच सुरू! काही गदांच्या डोक्यात माणसाचे दातही बसवलेले आढळतात.

१८७४ मध्ये फिजी ब्रिटिशांकडे गेलं, तेव्हा थाकोम्बाऊ या प्रमुखाने आपली गदा व्हिक्टोरिया राणीला पाठवली. १९३२ मध्ये ती परत आली आणि तिथल्या विधिमंडळाचा राजदंड झाली.