आधी तिची तब्येत विचार

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

निरोगी कुटुंब आणि बाईची भूमिका यावर वस्तीतल्या बायकांपुढे बोलायचंय, सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. माझं ऐकशील तर भाषण राहू दे. समोरच्या बाईला तिची स्वतःची तब्येत विचार.

ती आधी मुलाच्या खोकल्याचं सांगेल, मग सासूच्या गुडघ्यांचं. पुन्हा विचार. मग हळूहळू निघेल: जिना चढताना धाप लागते, पाळीत अंगावरून फार जातं, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. ‘बाईच्या जातीला एवढं चालायचंच’ असं ती म्हणेल, तेव्हा तू मान डोलावू नकोस. हिमोग्लोबिन तपासायला लाव. गरोदर नसताना ते १२ ग्रॅमच्या खाली असलं तर तो रक्तक्षय, आणि त्यावर उपचार आहेत. लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून बायका घाबरून गोळ्या मध्येच सोडतात. काळं होणार हे आधीच सांगून ठेव. मळमळ फार झाली तर गोळी बंद न करता डॉक्टरांना विचारायचं, हेही सांग.

बाई म्हणजे घराचा कणा, असं म्हणत सगळा भार तिच्यावरच टाकणारी माणसं तुला जागोजागी भेटतील. ते कौतुक मला मुळीच पटत नाही. बाळंतपणानंतर पुढच्या गरोदरपणाआधी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे एकट्या बाईच्या कानावर घालून काय होणार? नवऱ्यालाही समोर बसव. दवाखान्यात कधी जायचं हे ठरवायचा हक्क आणि त्यासाठी लागणारे पैसे तिच्या हातात आहेत का, हे त्याच्यादेखत विचार.

घरच्या माणसांना नीट शिकवलं तर ती केवढं काम करतात, याचं एक उदाहरण मी नेहमी देते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावजवळच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज घातलेलं पाणी पिंपांत भरून ठेवलं, आणि रुग्णांच्या नातेवाइकांनीच ते त्यांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आलं. म्हणून ओआरएस, म्हणजे जुलाबावर द्यायचं असंच मीठ-साखरेचं पाणी, नुसतं वाटू नकोस, करून दाखव. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी, मोजून. हे आईला शिकवशील तेव्हा बापालाही शिकव, म्हणजे पोराला जुलाब लागल्यावर रात्रभर तिला एकटीला जागावं लागणार नाही.

आणखी एक गोष्ट मला फार खुपते. जगभरात आरोग्य आणि समाजसेवेच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांत सुमारे ७० टक्के बायका आहेत, वरच्या पदांवर मात्र जेमतेम २५ टक्के. तुमच्या आरोग्य समितीतही नीट बघ. बायका सह्या तर करतच असतील. पण पाण्याची टाकी कधी धुवायची, पैसे कशावर खर्चायचे, यावर त्यांच्यातल्या किती जणी बोलतात? पुढच्या बैठकीत मोज आणि मला कळव.

तुझी,
मावशी