स्वसंरक्षणार्थ ‘खून’ आणि कौंडिण्याचं ताक

प्रश्न असा आला आहे: ‘स्वसंरक्षणार्थ केलेला खून माफ असतो’ हे वाक्य बरोबर आहे का? की ‘माफ’च्या जागी ‘क्षम्य’ हवं?

दोन्ही नकोत, आणि ‘खून’ही नको. बातम्यांत हे वाक्य ऐकून कान किटले. दंड संहितेचं ९६वं कलम (आता न्याय संहितेचं ३४वं) सांगतं की बचावाचा हक्क बजावताना केलेलं कृत्य गुन्हाच नव्हे. मर्यादा आहेत, पण त्या पाळल्या तर गुन्हा नाही. मग माफ काय, कपाळ करणार? फारसीत खून म्हणजे नुसतं रक्त, हे मलाही ठाऊक आहे. मराठीत तो गुन्हा आहे. ‘ठार केलं’ म्हणा.

खरी गंमत हे कलम ज्या प्रकरणात येतं त्याच्या नावात आहे: ‘सर्वसाधारण अपवाद’. अपवाद म्हणजे सवलत, असं माझे वकील मित्र ठासून सांगतात. साफ चूक! सवलत नियमात अडकलेल्याला मिळते. अपवाद नियमाच्या तावडीत सापडलेलाच नसतो. पतंजलीच्या महाभाष्यातला, म्हणजे संस्कृत व्याकरणावरच्या ग्रंथातला, दाखला बघा: ब्राह्मणांना दही द्या, कौंडिण्याला ताक. कौंडिण्यही ब्राह्मणच, पण त्याच्या पानात दही पडतच नाही. आधी वाढलं आणि मग काढून घेतलं, असं नव्हे. वैयाकरण आधी अपवादाची जागा राखतात, उरलेल्या जागेत सामान्य नियम बसवतात. दंड संहितेचं ६वं कलम (आता न्याय संहितेचं ३रं) हेच करतं: गुन्ह्याची प्रत्येक व्याख्या, तिथं लिहिलेलं नसलं तरी, या अपवादांसकट वाचायची. दंड संहितेचा पहिला मसुदा मेकॉले या इंग्रज अधिकाऱ्याचा, आणि आपल्याला संस्कृत येत नाही हे त्यानं १८३५ मध्ये स्वतःच लिहून ठेवलं होतं!

माझं लाडकं मत असं, की लोकापवादातला (म्हणजे लोकनिंदेतला) ‘अपवाद’ही हाच. अप + वद्, बोलून बाजूला सारणं. माणसाला सारलं की निंदा, उदाहरणाला सारलं की नियमाचा अपवाद. कोशकार एका शब्दाची दोन क्रमांकांत फाळणी करून मोकळे होतात.

फरक एवढाच, की कौंडिण्याला काही सिद्ध करावं लागलं नाही. कोर्टात मात्र ‘मी कौंडिण्य’ हे आरोपीनंच दाखवायचं. साक्ष अधिनियमाच्या जुन्या १०५व्या कलमानुसार कोर्ट तशी परिस्थिती नव्हतीच असं धरून चालतं.

हं, ‘क्षम्य’ राहिलंच. सात वर्षांखालच्या मुलाच्या कृत्याला तो शब्द एक वेळ चालेल. पण कोर्टाच्या हुकमावरून फाशी देणाऱ्याला किंवा अंगावर आलेला कोयता परतवणाऱ्याला क्षमा कशाबद्दल?