अर्धी भरलेली नोंद जपायची कशी

भाऊ, सोयाबीनच्या नोंदीचं तुझं ॲप बघितलं. पहिल्या ॲपच्या मानानं काम चांगलं झालंय. फोन आडवा केला की आकडे जातात, त्याला घाबरू नको; तेव्हा अँड्रॉइड ॲक्टिव्हिटी (ॲपचा समोरचा स्क्रीन) मोडून नव्यानं उभी करतं. सगळ्यांचं आधी तिथंच अडतं.

सध्या एवढंच धर:

१. स्क्रीनवरचा डेटा व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनपासून वेगळा डेटा सांभाळणारा ऑब्जेक्ट) ठेव. फोन फिरवला तरी टिकतो.

२. पण तेवढ्यावर थांबू नको, सगळ्यात मोठी चूक हीच. लातूरच्या आडतीवर उभा शेतकरी क्विंटल, भाव टाकतो, तेवढ्यात कुणाचा तरी फोन येतो, मग तो पावतीचा फोटो काढायला कॅमेरा उघडतो. रॅम कमी पडली की सिस्टिम मागे पडलेली तुझी प्रोसेसच (म्हणजे मेमरीत चालू असलेलं ॲप) मारते, अन् व्ह्यूमॉडेलही तिच्यासोबत जातं. त्या माणसाला सगळं पुन्हा भरायला लावणं मला खरंच पटत नाही. म्हणून टाइप केलेलं अन् नोंदीचा आयडी सेव्हडस्टेटहँडलमध्ये (प्रोसेस मेली तरी सिस्टिम जपते ती छोटी साठवण) ठेव; कंपोजमध्ये (स्क्रीन बांधायचं टूलकिट) त्यासाठी रिमेंबरसेव्हेबलही चालतं.

३. या साठवणीत फोटो, अख्ख्या याद्या कोंबू नको. मर्यादा साधारण १ एमबी, तीही पूर्ण प्रोसेसला मिळून. ओलांडली की क्रॅश. आयडी ठेव, बाकीचं डेटाबेसमधून वाच.

तपासताना नुसता फोन फिरवू नको. होम दाब, एडीबीनं (कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम द्यायचं टूल) प्रोसेस मार, मग रिसेंट्समधून (अलीकडच्या ॲप्सची यादी) ॲप उघड. तिथून सरकवून काढलंस तर स्टेट (भरलेले आकडे) परत येणार नाही, ते बरोबरच आहे.

बॅकस्टॅक (मागच्या स्क्रीनची रांग), मल्टिविंडो (एकाच वेळी दोन ॲप्स) नंतर बघू. आधी हा एक फॉर्म पक्का कर, अडलं तर कोड पाठव.