‘देवापुढे मी कोणत्या तोंडाने जाऊ?’

भायखळ्याच्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या आवारात, देवळामागच्या लहानशा खोलीत, मी आठवड्यातून दोन संध्याकाळी समुपदेशनासाठी बसते. तेथे येणारी माणसे नोकरीची, संसाराची किंवा मुलांच्या शिक्षणाची अडचण घेऊन येतात. पण दोन-तीन भेटींनंतर बोलणे जरा खोल गेले की त्यांतील अनेकांच्या तोंडून थोड्याफार फरकाने एकच वाक्य बाहेर पडते : ‘देवापुढे मी कोणत्या तोंडाने जाऊ?’ कोणाची प्रार्थना सुटलेली असते, कोणी उपासनेला येते पण गीताच्या वेळी ओठ मिटून उभे राहते, तर कोणी प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीच्या, आधी हळूच उठून बाहेर पडते. त्या सगळ्यांना मी जे सांगू इच्छिते ते मला एका गृहस्थांबरोबर काम करताना नीट उमगले, म्हणून त्यांचीच हकिकत येथे लिहिते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी त्यांना ‘भाऊ’ म्हणत असे. येथेही तसेच म्हणते.

भाऊ तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. त्यांचे घराणे मूळचे नगरकडचे. तेथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले आणि त्या भागातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे पुढे पोटापाण्यासाठी मुंबईला आली, त्यांपैकीच हे एक. वडील गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर ती नोकरी गेली आणि भाऊंना लहान वयातच कामाला लागावे लागले. मंडळीत त्यांना सगळे ओळखत, कारण रविवारी सर्वांत आधी येऊन बाके पुसणारे, पंखे लावणारे आणि उपासना-पुस्तके जागोजागी ठेवणारे तेच असत. मात्र महिन्याच्या पहिल्या रविवारी, पाळकसाहेब प्रभुभोजनाच्या मेजाकडे वळले की शेवटच्या बाकावरून भाऊ उठत आणि आवारातल्या नळापाशी जाऊन उभे राहत. नऊ वर्षे हे असेच चालले होते. पत्नीने विचारणे सोडून दिले होते. अखेर पाळकसाहेबांनीच त्यांना माझ्याकडे पाठवले.

घडले होते ते असे. भाऊंच्या आईने आजारपणात आपल्या दोन पाटल्या त्यांच्या हाती दिल्या आणि त्या नगरला राहणाऱ्या धाकट्या बहिणीला द्यायला सांगितल्या. आई गेली त्याच सुमारास भाऊंची कंपनी बंद पडली आणि मुलाच्या कॉलेजची फी भरायची होती. भाऊंनी पाटल्या विकल्या. बहिणीने विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, ‘आईनेच औषधपाण्यासाठी त्या मोडल्या.’ हे वाक्य सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते. सोने विकल्यापेक्षा आपला खोटेपणा मेलेल्या आईच्या माथी मारल्याचे त्यांना अधिक लागले होते. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, रांगेत उभे असताना, जो अयोग्य प्रकारे ही भाकर खाईल व हा प्याला पिईल तो दोषी ठरेल, हे बायबलातील, प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातील वचन त्यांच्या कानी पडले आणि ते रांगेतून माघारी फिरले.

येथे माझ्या हातून जी चूक झाली ती सांगणे भाग आहे. त्यांचे बोलणे संपताच मी त्यांना दिलासा द्यायला धावले. देव क्षमाशील आहे, त्याच्याजवळ कोणतेही पाप मोठे नाही, असे मी सांगू लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, सलाम करून ते निघून गेले आणि पुढचे तीन आठवडे आलेच नाहीत. परत आले तेव्हा म्हणाले, “ताई, तुम्ही माझं पाप हलकं केलंत. मला वाटलं, तुम्हाला ते कळलंच नाही.” त्यांचे म्हणणे खरे होते. ज्याच्या मनाला आपले कृत्य टोचते आहे त्याला घाईने क्षमेचे आश्वासन दिले की, आपले दुखणे समोरच्याने पाहिलेच नाही, असे त्याला वाटते. आणि न पाहिलेल्या पापाची क्षमा त्याला क्षमा वाटत नाही.

पुढे जाण्याआधी मला आणखी एका गोष्टीची खात्री करून घ्यायची होती. अयोग्यतेची भावना नेहमीच एखाद्या कृत्यातून येते असे नाही. खोल नैराश्यातही माणसाला आपण सर्वस्वी नालायक आहोत असे वाटते. काही जणांना मंत्रचळाचा आजार धर्माच्या रूपाने ग्रासतो : एकच प्रार्थना ‘नीट झाली नाही’ म्हणून ते पुन्हा पुन्हा पहिल्यापासून म्हणतात, कबूल केलेले पाप तासाभरात पुन्हा कबूल करतात, आणि दिलासा मिळाला तरी तो टिकत नाही. सोळाव्या शतकातील जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास पापे कबूल करत बसत आणि त्यांचे पापनिवेदन ऐकणारे श्टाउपिट्झ त्याने थकून जात, हे प्रसिद्धच आहे. अशा माणसाला वचनांचा आणखी एक डोस देऊन उपयोग होत नाही. त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे लागते. केईएम, नायर आणि सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. औषध घेणे म्हणजे विश्वासात उणे पडणे, असे समजणाऱ्या घरांना मी हे दर वेळी सांगते. भाऊंची झोप, भूक आणि कामातले लक्ष ठीक होते; त्यांच्या मनात एकच ठसठसणारी गोष्ट होती आणि ती खरी होती.

त्या दिवशी मी त्यांना एकच प्रश्न विचारला. “भाऊ, प्रभुभोजनापासून दूर राहण्याची ही शिक्षा तुम्हाला कोणी सुनावली?” ते बराच वेळ गप्प राहिले. पाळकसाहेबांनी सुनावली नव्हती. मंडळीला तर काही ठाऊकच नव्हते. न्यायाधीशही तेच आणि कैदीही तेच होते, आणि बाके पुसणे, पंखे लावणे, ऐपतीबाहेर दान टाकणे हा त्यांनी स्वतःच ठरवलेला दंड होता. तो नऊ वर्षे भरूनही फिटत नव्हता, कारण तो किती आहे हे ठरलेलेच नव्हते.

पुढच्या भेटीत आम्ही तो अध्याय सतराव्या ओवीपासून एकत्र वाचला. भाऊंना एकच ओवी पाठ होती, आणि तीही त्यांच्या मनात थोडी बदललेली होती. ‘अयोग्य माणसाने’ खाऊ नये, असे त्यांना आठवत होते. पुस्तकात ‘अयोग्य प्रकारे’ असे आहे. मूळ ग्रीकमधला ‘अनाक्सिओस’ हा शब्द क्रियाविशेषण आहे. भाकर कशी खाल्ली जाते याविषयी तो बोलतो, खाणारा कोण आहे याविषयी नाही. करिंथ येथे काय चालले होते तेही त्याच अध्यायात दिले आहे : मंडळी जेवायला जमत असे तेव्हा खाऊन-पिऊन सुखी असलेले लोक आधीच जेवून घेत, काही जण पिऊन झिंगत, आणि ज्यांच्यापाशी काही नाही ते उपाशी राहत. पौलाचा संताप यावर आहे. आणि त्यावर उपाय म्हणून तो काय सांगतो? माणसाने आत्मपरीक्षा करावी ‘आणि मग’ त्या भाकरीतून खावे. परीक्षा करून घरी जावे, असे तो म्हणत नाही. भाऊंनी त्या ‘मग’वर बोट ठेवले आणि ती ओवी तीनदा वाचली.

मला मात्र तेथे थांबायचे नव्हते, कारण तसे केले असते तर मी पुन्हा त्यांचे पाप हलके केले असते. त्याच ठिकाणी पौल ‘शरीर’ न ओळखता खाण्याविषयी बजावतो, आणि या शरीरात एकमेकांना धरून असलेली सारी मंडळी येते असा अर्थ अनेक भाष्यकार घेतात; उपाश्यांना वगळून जेवणाऱ्यांविषयीच हा अध्याय असल्याने मलाही तो पटतो. मी भाऊंना विचारले, “तुमच्या जेवणातून कोण उपाशी राहिलं?” त्यांनी बहिणीचे नाव घेतले. ज्या वचनाने त्यांना नऊ वर्षे मेजापासून हाकलले होते ते खरे तर त्यांना बहिणीच्या दाराकडे पाठवत होते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातही तेच आहे : वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग येऊन दान अर्पण कर. ते दान वेदीपुढे ठेवलेलेच असते, कारण माणूस परत येणार आहे हे गृहीत आहे.

आम्ही उपासनेच्या क्रमाविषयीही बोललो. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झाले ते वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन. त्यामुळे प्रत्येक देवळातली रीत थोडी निराळी असते, पण प्रभुभोजनाच्या उपासनेत पापांगीकार (पापांची एकत्र कबुली), क्षमेची घोषणा आणि मग मेज हा क्रम बहुतेक ठिकाणी सापडतो. भाऊ दर महिन्याला पापांगीकार मोठ्याने म्हणत, क्षमेची घोषणा ऐकत आणि तेवढ्यावर उठून जात. अँग्लिकन परंपरेत १५४९च्या प्रार्थना-पुस्तकापासून भाकर घेण्यापूर्वी एक प्रार्थना म्हटली जाते. तिचा आशय असा की, प्रभू, तुझ्या मेजाखाली पडलेला चुरा वेचण्याचीही आमची योग्यता नाही, पण सदैव दया करणे हा तुझा स्वभाव आहे. वसई-वांद्र्याकडचे आपले कॅथोलिक बांधव मिस्सामध्ये कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजन, घेण्याच्या अगदी आधी कफर्णहूमच्या शताधिपतीने, म्हणजे एका रोमी लष्करी अधिकाऱ्याने, येशूला म्हटलेले बोल म्हणतात, की तू माझ्या छपराखाली यावेस अशी माझी योग्यता नाही. (गंभीर पाप असेल तर त्यांच्याकडे आधी धर्मगुरूंपाशी पापनिवेदन करण्याचा नियम आहे; कॅथोलिक वाचकांनी तीच वाट धरावी.) सारी मंडळी, पाळकासकट, आपण योग्य नाही असे म्हणते आणि हे म्हणतच पुढे जाते. भाऊ म्हणाले, “म्हणजे नळापाशी मी एकटा उभा राहून जे म्हणत होतो, तेच आत सगळे म्हणत होते?” होय, तेच.

आणि लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला, वडिलांकडून घेतलेली मालमत्ता परदेशी उधळून बसलेला धाकटा मुलगा. घरी परतताना तो वडिलांपुढे बोलायचे वाक्य मनात घोकतो : मी तुमचा मुलगा म्हणवून घेण्यास योग्य नाही, मला एका मोलकऱ्यासारखे ठेवा. प्रत्यक्ष भेटीत तो पहिला भाग बोलतो. मोलकऱ्याचा भाग बोलण्याआधीच वडील नोकरांना झगा आणायला सांगतात. अयोग्यतेची कबुली बाप ऐकून घेतो, तिला खोटे ठरवत नाही, पण मोलकरी होण्याची मागणी मात्र तो पुरी होऊ देत नाही. हे वाचून झाल्यावर भाऊ म्हणाले, “मी नऊ वर्षं मोलकरी म्हणूनच राबतोय.”

त्यानंतर त्यांना घाई झाली. लुबाडलेले चौपट परत करू म्हणणाऱ्या बायबलातील जकातदार जक्कयाप्रमाणे आपण बहिणीला चौपट द्यावे, असे ते म्हणू लागले. त्यासाठी कर्ज काढायचीही त्यांची तयारी होती. मी त्यांना अडवले, कारण मला त्यात पुन्हा तोच दंड दिसत होता. किती द्यायचे आणि कसे, हे ज्याचे नुकसान झाले त्यालाही विचारायला हवे. एका शनिवारी ते एकटेच नगरला गेले आणि सारे सांगून आले.

बहीण रडून गळ्यात पडली नाही. तिने त्यांना चहाही विचारला नाही. सोन्याचा भाव नऊ वर्षांत दुपटीच्याही पुढे गेला होता. तिने आजच्या भावाने हिशेब मांडला आणि शिवाय एक अट घातली की, आईने पाटल्या मोडल्या नव्हत्या हे भाऊंनी सगळ्या नातेवाइकांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगावे. भाऊंच्या मते ती अट पैशापेक्षा जड होती. पुढच्याच महिन्यात, पुतणीच्या साखरपुड्याला जमलेल्या माणसांत, त्यांनी ते सांगितले. बहिणीने ऐकले आणि ती उठून आत गेली.

मग त्यांनी मला विचारले की तिने क्षमा करेपर्यंत प्रभुभोजनासाठी थांबावे का. या प्रश्नावर मी पाळकसाहेबांनाही बोलावले, कारण तो एकट्या समुपदेशकाने सोडवण्याचा प्रश्न नव्हता. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल म्हणतो की, शक्य असल्यास, तुमच्याकडून होईल तितके, सर्वांबरोबर शांतीने राहा. ‘तुमच्याकडून होईल तितके’ हे शब्द पाळकसाहेबांनी सावकाश वाचून दाखवले. बहिणीची क्षमा बहिणीची आहे; ती कधी आणि किती द्यायची हे तिने ठरवायचे, आणि भाऊंना मेजाकडे जाता यावे म्हणून तिच्यावर घाई लादणे हा तिच्यावर दुसरा अन्याय झाला असता.

त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी भाऊ नळाकडे गेले नाहीत. कठड्यापाशी ते पत्नीच्या शेजारी गुडघे टेकून बसले. हात इतके थरथरत होते की पाळकसाहेबांनी प्याला सोडला नाही. संध्याकाळी खोलीत येऊन म्हणाले, “ताई, मला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल, रडू येईल. तसं काही झालं नाही. भाकर खाल्ली आणि बाकावर येऊन बसलो.” मी त्यांना सांगितले की मुलगा घरी आल्यावर त्याला कसे वाटले याविषयी लूक एक शब्दही लिहीत नाही, वडिलांनी काय केले तेवढेच लिहितो.

बाके ते आजही पुसतात. मी एकदा विचारले तेव्हा, धूळ असते म्हणून, असे उत्तर मिळाले. बहिणीचा फोन अजून येत नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला भाऊ तिच्या खात्यात ठरलेला हप्ता भरतात, आणि गेल्या नाताळात तिच्याकडून एसटीच्या पार्सलने करंज्यांचा डबा आला. आत चिठ्ठी नव्हती.