ऑनलाइन ५० एमएमची लेन्स स्वस्त दिसतेय, घेऊ का?

तुमचा प्रश्न असा आहे: बडोद्यात राहता, निकॉन डी५६०० आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे, घरचे सणवार, गरबा आणि जुने वाडे यांचे फोटो हौसेने काढता. सेलमध्ये ५० एमएम एफ/१.८ बरीच स्वस्त दिसतेय. ऑनलाइन घ्यावी का, आणि फसू नये म्हणून काय बघावं?

किमतीचं नंतर बघू. आधी त्या पानावरचं लेन्सचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. ‘एएफ-एस’ आणि शेवटी ‘१.८जी’ असेल तर बिनधास्त पुढे जा. नुसतं ‘एएफ’ आणि शेवटी ‘१.८डी’ असेल तर तुमच्या कॅमेऱ्यावर तिचं ऑटोफोकस चालणार नाही. दोन्ही निकॉनच्याच आणि दोन्ही चांगल्या. पण या डी लेन्सच्या आत फोकसची मोटर नसते. तिच्या माउंटपाशी, म्हणजे ती कॅमेऱ्याला बसते त्या कड्यापाशी, बारीक खाचेचा एक स्क्रू असतो, तो कॅमेऱ्यातल्या मोटरने फिरवायचा असतो, आणि डी३००० व डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत ती मोटर दिलेलीच नाही. सेलमध्ये ‘फारच स्वस्त’ म्हणून डोळ्यांत भरते ती बहुतेक हीच.

एवढं ठासून सांगतेय कारण माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. माझा कॅमेरा डी५३००. पितृपक्षात सेल लागला होता, मी ऑर्डर टाकली, चौथ्या दिवशी लेन्स दारात हजर. सासूबाई म्हणाल्या, “आत्ता नवं काही उघडू नकोस गं, घटस्थापनेला पूजेत ठेव आणि मग वापर.” मलाही पटलं. खोकं देवघराखालच्या कपाटात राहिलं. घटस्थापनेला हळदकुंकू वाहून उघडलं, लेन्स कॅमेऱ्याला लावली, बटण अर्धं दाबलं, आणि आत काही हललंच नाही. परत करायची मुदत सात दिवसांची होती, ती केव्हाच उलटली होती. विक्रेत्याने पानावर ‘सर्व निकॉन डीएसएलआरसाठी’ असं लिहिलेलं. फोन केला तर म्हणाला, “बसते ना कॅमेऱ्याला? मग झालं.”

त्या नवरात्रात गल्लीतल्या मुलींच्या गरब्याचे फोटो मी हाताने फोकस करत काढले. व्ह्यूफाइंडरमध्ये कोपऱ्यात फोकस जुळल्याचा हिरवा ठिपका पेटला की क्लिक करायचं. पण एफ/१.८ वर, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी असताना, दीड मीटर अंतरावर जेमतेम सहा-सात सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. ठिपका पेटून बोट दाबेपर्यंत मुलगी टाळी देऊन गिरकी घेत पुढे गेलेली असायची. माझी भाची त्या वर्षी पहिल्यांदा चणियाचोळी घालून खेळली. तिच्या फोटोत कानातलं झुमकं लख्ख आलंय आणि डोळे धूसर. तो फोटो बघितला की अजून चुटपुट लागते.

म्हणून माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे, लेन्स ज्या दिवशी येईल त्याच दिवशी उघडून तपासा. घरात पितृपक्ष पाळत असाल तर ऑर्डरच सर्वपित्री अमावास्येनंतर करा, दोन-चारशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

आता ५० हवी का, हा खरा प्रश्न. डी५६०० चा सेन्सर लहान असल्यामुळे ५० ची लेन्स ७५ सारखी बघते, म्हणजे चौकटीत कमी मावतं. ओट्यावर बसलेल्या आजीचा चेहरा टिपायला ती सुरेख. घरात मात्र अडचण होते. गणपतीच्या आरतीला मखर आणि माणसं एका चौकटीत घ्यायची तर माझी पाठ भिंतीला टेकते आणि तरी तबक धरलेला हात कापला जातो. तांबेकर वाड्यासारख्या जुन्या वाड्यांतही मागे सरकायला जागा हवी, ती प्रत्येक खोलीत मिळेलच असं नाही. तुम्ही जे फोटो सांगितलेत त्यांना एएफ-एस डीएक्स ३५ एमएम एफ/१.८जी जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं. ती साधारण ५२ सारखी बघते आणि ३० सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं. ५० एमएमची १.८जी लेन्स ४५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही. रांगोळीवर वाकलेल्या हातांचा फोटो काढताना हा फरक चांगलाच जाणवतो.

माझ्या शब्दावर जाऊ नका. पैसे घालण्याआधी १८-५५ ची झूम रिंग ३५ वर ठेवून चिकटपट्टी लावा आणि चार दिवस तशीच वापरा. मग चार दिवस ५० वर. कुठे जीव घुसमटतो ते तुमचं तुम्हाला कळेल. उजेडाचा फायदा दोन्हींत आहे. तुमची १८-५५ ची किट लेन्स ५५ च्या टोकाला एफ/५.६ पर्यंतच उघडते, एफ/१.८ तिच्यापेक्षा नऊपटीहून जास्त उजेड आत घेते. म्हणजे जिथे शटरच्या १/२५ सेकंदावर नाचणारे पाय पुसले जातात तिथे जवळपास १/२५० मिळतो.

विक्रेत्याबद्दल. पानावर ‘विक्रेता कोण’ ते उघडून बघा आणि परतीची अट वाचा; कित्येकदा पैसे परत मिळत नाहीत, फक्त बदलून देतात. बाहेरून आलेल्या मालाच्या खोक्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असावी लागते, तसा कायदाच आहे. ते लेबल नसेल तर माल आडमार्गाने आलाय असं समजा आणि भारतातली वॉरंटी मिळेल ही आशा सोडा. जीएसटीचं बिल घ्या. खोक्यावरचा आणि लेन्सवरचा सीरियल नंबर एकच आहे ना ते बघा, बिलावर असेल तर तोही जुळवा. खोकं उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. काही बिघडलंच तर त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, ४८ तासांत पोच देणं त्यांना बंधनकारक आहे. तिथेही दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

तपासणीला अर्धा तास पुरतो. दोन्ही झाकणं काढून मोबाइलच्या टॉर्चसमोर तिरकी धरा: धुळीचे दोन-चार कण असतातच, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, तशीच परत पाठवा. मग भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर अगदी समोर ठेवा, एफ/१.८ वर एक आणि एफ/५.६ वर एक फोटो काढा. १.८ वर चारही कोपरे थोडे मऊ येणारच. एकच कोपरा बाकीच्यांपेक्षा उघडच जास्त धूसर दिसला तर आतली काच कललेली आहे. शेवटी टेबलावर फूटपट्टी तिरकी ठेवून १५ च्या आकड्यावर व्ह्यूफाइंडरमधून फोकस करा. दरवेळी १४ किंवा १६ च स्पष्ट येत असेल तर बदलून मागा, कारण डी५६०० मध्ये हा फरक जुळवून घ्यायची सोयच नाही.

तुम्ही बघताय त्या लेन्सचं पूर्ण नाव, पानावर जसं आहे तसं, मला इथे लिहून कळवा. मी वाचून सांगते.