‘थोडीच’ म्हणजे किती?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू सांगितलेस की वर्षभरात सहा किलो वजन वाढले, रात्री पडल्या पडल्या झोप लागते पण तीनच्या सुमारास डोळे टक्क उघडतात, आणि एक जण ‘थोडी दारू घेतलेली हृदयाला बरी’ म्हणतो तर दुसरा ‘थेंबही नको’ म्हणतो. किती घेतोस, असे विचारल्यावर तू ‘थोडीच, काका’ म्हणालास आणि मला राहवले नाही, कारण हेच उत्तर मी माझ्या डॉक्टरांना बावीस वर्षे देत होतो.

आधी मोज. बाकीचे नंतर बोलू.

मुलीच्या खोकल्याच्या औषधाबरोबर आलेले प्लास्टिकचे माप घरात पडले होते. एका रात्री नेहमीच्या पेल्यात नेहमीइतकीच ओतली आणि त्या मापाने मोजली, तेव्हा ज्याला मी एक पेग समजत होतो ते ८० मिलिलिटर भरले. आपल्याकडची व्हिस्की बहुधा ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम मद्यार्क (शुद्ध अल्कोहोल), आणि प्रत्येक ग्रॅमला ७ कॅलरी. समजा तू ६०-६० चे दोन पेग घेतोस, तर ते म्हणजे ४० ग्रॅम आणि २८० कॅलरी, म्हणजे जेवणाआधीच दोन-तीन पोळ्या, आणि शेंगदाणे-फरसाण वेगळेच. शिवाय यकृत मद्यार्क जाळण्यात गुंतलेले असताना चरबी जाळण्याचे काम मागे पडते. बिअर सौम्य असते, हाही भ्रम सोड, कारण ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली ३० मिलिलिटरच्या चार पेगांइतकी भरते.

आता झोपेचे पाहा. शरीर ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्कच निकालात काढते. साडेदहाला पेला खाली ठेवलास तर ४० ग्रॅमचा निचरा व्हायला अडीच-तीन वाजतात, गुंगी उतरते आणि झोप मोडते. पूर्वरात्री स्वप्नांची झोप दबलेली असते, घसा सैलावून घोरणे वाढते, आणि सकाळी आठ तास झोपूनही अंग जड राहते. माझी पत्नी कित्येक वर्षे दुसऱ्या खोलीत झोपत असे. तिने कारण सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

मी कामावर कधी खाडा केला नाही, घरात आवाज चढवला नाही, कोणाची उधारी ठेवली नाही, त्यामुळे स्वतःला पिणारा मानणे मला कधी पटले नाही आणि आजही पुरते पटत नाही. पण वाढलेल्या रक्तदाबाला आणि यकृतावरच्या चरबीला माझ्या सभ्यपणाशी देणेघेणे नव्हते.

हृदयाच्या फायद्याबद्दल एवढेच सांगतो की त्या जुन्या अभ्यासांपैकी अनेकांत ‘न पिणाऱ्यां’मध्ये आजारपणामुळे दारू सोडलेलेही धरले होते, त्यामुळे थोडे पिणारे त्यांच्यापुढे ठणठणीत दिसले. मद्य कर्करोगकारक असल्याचे १९८८ पासून नोंदलेले आहे, आणि आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले. प्रमाण कमी तेवढा धोका कमी, हे खरे. पण कमी म्हणजे किती, हे मोजल्याशिवाय तुला कसे कळणार?

जिमचे पैसे भरण्याआधी मोज, झोपेच्या गोळ्यांची चौकशी करण्याआधी मोज, आणि मद्यावर त्या गोळ्या तर कधीच घेऊ नकोस. एक साधी वही घे, तारीख, मिलिलिटर आणि जाग आल्याची वेळ लिही, आणि मधले दोन आठवडे पूर्ण कोरडे ठेवून तेव्हाचीही वेळ लिही. महिन्याने ती वही घेऊन ये. माप मी अजून जपून ठेवले आहे, हवे तर घेऊन जा.

तुझा,
काका